तांबे बाहेरचे आणि तांबे आतले: अ‍ॅल्युमिनियमचे क्षरण आणि तडे यांविषयीचे गैरसमज

काटोल आणि नरखेड तालुक्यांतील संत्रा बागांमध्ये डिंक्यासारख्या बुरशीजन्य रोगांवर बोर्डो मिश्रणाची फवारणी केली जाते आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर झाडांच्या बुंध्यांना बोर्डो मलम लावले जाते. हे मिश्रण प्लॅस्टिकच्या, मातीच्या किंवा लाकडाच्या भांड्यात करावे, धातूच्या भांड्यात करू नये, ही सूचना त्याबरोबर ठरलेली असते. सूचना पाळली जाते, पण तिचे कारण क्वचितच सांगितले जाते. अ‍ॅल्युमिनियमपुरते, म्हणजे बोलण्यातल्या ‘जर्मन’च्या बादलीपुरते, पाहिले तर त्या कारणाचे विमानाच्या पत्र्याला पडणाऱ्या भेगेशी जवळचे नाते आहे, कारण दोन्हीकडे मुख्य पात्र तांबे आहे: बादलीत ते बाहेरून येते, तर विमानाच्या पत्र्यात ते मुद्दाम आत घातलेले असते.

काटोलहून सुमारे ६० किलोमीटरवरच्या नागपुरात या धातूचे संशोधन, उत्पादन आणि देखभाल ही तिन्ही कामे चालतात. अमरावती मार्गावर वाडी येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन विकास व अभिकल्प केंद्र आहे, अंबाझरीच्या आयुध निर्माणीत अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंवर काम होते आणि मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचे मोठे केंद्र उभे आहे. तरीही बाजारात, वर्कशॉपमध्ये आणि शिकल्यासवरल्या घरांतही या धातूविषयीचे काही समज इतके घट्ट आहेत की ते एकेक करून तपासणे भाग पडते.

‘अ‍ॅल्युमिनियमला गंज चढत नाही’

हा समज अर्धा खरा असल्यामुळे जास्त फसवा आहे. रासायनिकदृष्ट्या अ‍ॅल्युमिनियम हा लोखंडापेक्षा कितीतरी अधिक क्रियाशील धातू आहे, आणि तो हवेत टिकतो तो केवळ त्याच्या पृष्ठभागावर क्षणार्धात तयार होणाऱ्या ऑक्साइडच्या थरामुळे, ज्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जांशाच्या काही पट, असते. लोखंडाचा तांबडा गंज सच्छिद्र असतो आणि पापुद्र्यांनी सुटत जातो, तर हा थर धातूला घट्ट चिकटून राहतो आणि ओरखडा पडला तरी लगेच पुन्हा तयार होतो. मात्र त्याचे राज्य मर्यादित आहे. पाण्याची आम्लता किंवा अल्कता दाखवणारा सामू साधारण ४ ते ८.५ यांच्या दरम्यान असेल तोवरच हा थर स्थिर राहतो. त्याखाली आम्ल त्याला विरघळवते आणि त्यावर अल्क विरघळवते. संत्र्याच्या रसाचा सामू ४ च्या खाली असतो आणि चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर, म्हणजे बागेतले फळ आणि बागेतला चुना हे दोन्ही या मर्यादेच्या बाहेर पडतात. घराच्या बांधकामात ओल्या सिमेंटचे शिंतोडे उडालेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीवर जे पांढरे, न निघणारे डाग राहतात त्यांचेही कारण हेच.

सामू मर्यादेत असला तरी मीठ, म्हणजे क्लोराइड, त्या थराला ठिकठिकाणी भेदते आणि तेथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडत आत जातात. अशा क्षरणात धातूचे वजन फारसे घटत नाही, पण भांडे गळू लागते, आणि वजनावरून झीज मोजणाऱ्याची त्यामुळे पूर्ण दिशाभूल होते.

आता बोर्डो मिश्रण. एक टक्क्याच्या मिश्रणात १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी असते, आणि मोरचुदाच्या वजनात तांब्याचा वाटा सुमारे एक चतुर्थांश असल्यामुळे त्या शंभर लिटरमध्ये पाव किलो तांबे असते. चुना पुरेसा नसेल तर यातले काही तांबे पाण्यात विरघळलेल्या स्थितीत मोकळे राहते, आणि अशा मोकळ्या तांब्याला आपल्यापेक्षा क्रियाशील धातू भेटला की तो धातू द्रावणात उतरतो आणि तांबे त्याच्या जागी पृष्ठभागावर बसते. लोखंडी विळा किंवा खिळा मिश्रणात बुडवून पाहण्याची शेतकऱ्यांची जुनी परीक्षा याच नियमावर चालते. विळ्यावर तांबूस लेप आला की आणखी चुना हवा. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत येथे एक वळण आहे, ते असे की केवळ मोरचुदाचे द्रावण त्याच्यावर अपेक्षेपेक्षा बरेच सावकाश परिणाम करते, कारण ऑक्साइडचा थर मध्ये उभा असतो. पण तेच पाणी खारट असले की क्लोराइड थराला भेदते, त्या फटीतून तांबे धातूपर्यंत पोहोचते आणि बसलेल्या तांब्याच्या प्रत्येक ठिपक्याभोवती एक सूक्ष्म विद्युतघट सुरू होतो. या घटात अ‍ॅल्युमिनियम धनाग्र होते, म्हणजे विरघळणारी बाजू, आणि तांबे ऋणाग्र होते, म्हणजे स्वतः सुरक्षित राहून दुसऱ्याला विरघळवणारी बाजू. चुना जास्त पडला तर मोकळे तांबे संपते खरे, पण सामू वर जाऊन थरच विरघळू लागतो. जर्मनच्या बादलीला दोन्हीकडून मार आहे. शिवाय बादलीवर बसलेले तांबे फवाऱ्यातून वजा होते ते वेगळेच.

यासाठी तांब्याचे प्रमाण मोठे असावे लागते असेही नाही. तांब्याच्या नळातून किंवा हंड्यातून आलेले पाणी अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात नेहमी साठवले तर दर लिटरमागे मिलिग्रॅमच्या लहानशा अंशाइतके तांबेसुद्धा खड्डे पाडण्यास पुरते.

‘शुद्ध ते टिकाऊ, मिश्र ते कमअस्सल’

क्षरणापुरते पाहिले तर ९९.९९ टक्के शुद्ध अ‍ॅल्युमिनियम उत्तम टिकते यात शंका नाही, परंतु त्याची ताकद इतकी कमी असते की दर चौरस मिलिमीटरला सुमारे पाच किलोच्या ओढीने ते तुटते. खिडकी, शिडी, पूल किंवा विमान त्यातून होऊ शकत नाही, म्हणून दुसरी मूलद्रव्ये मिसळावी लागतात, आणि मिसळलेले प्रत्येक मूलद्रव्य टिकाऊपणा घटवतेच असे नाही. येथे एकच कसोटी धरावी लागते: मिसळलेले मूलद्रव्य धातूच्या स्फटिककणांत एकजीव विरघळून राहिले आहे, की वेगळ्या संयुगाचे दाणे करून बसले आहे, आणि बसले असेल तर कणाच्या पोटात की दोन कणांमधल्या सीमेवर.

लोखंड हे अ‍ॅल्युमिनियममध्ये न बोलावता येणारे मूलद्रव्य. ते घन अ‍ॅल्युमिनियममध्ये जवळजवळ विरघळतच नाही, त्याचे कठीण दाणे बनतात आणि प्रत्येक दाणा ऋणाग्र होऊन आजूबाजूला खड्डा पाडतो. त्यातच एक ते दीड टक्का मँगनीज घातले तर लोखंड त्याच्याशी बांधले जाऊन असे दाणे बनतात की ज्यांचा विद्युत विभव भोवतालच्या धातूच्या जवळपास असतो, आणि लोखंडाचा उपद्रव बराच ओसरतो. स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी मँगनीजयुक्त मिश्रधातू जगभर वापरले जातात. ‘हिंडालियम’ या नावाने घरोघरी पोहोचलेल्या मिश्रधातूतही मॅग्नेशियम आणि मँगनीज असते. मॅग्नेशियम तीन टक्क्यांच्या आसपासपर्यंत धातूत विरघळून राहते, ताकद वाढवते आणि खाऱ्या पाण्यातला टिकाऊपणाही राखते. १९६० च्या दशकापासून चलनात आलेली एक, तीन आणि पाच पैशांची हलकी नाणी अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचीच होती, आणि जुन्या डब्यांत पडून राहिलेली ती नाणी फार तर निस्तेज झालेली दिसतात.

जस्ताची गोष्ट आणखी निराळी. सुमारे एक टक्का जस्त घातलेले अ‍ॅल्युमिनियम अधिक धनाग्री बनते, म्हणजे लवकर विरघळते, आणि नेमक्या याच गुणासाठी त्याचा पातळ थर दुसऱ्या मौल्यवान मिश्रधातूवर चढवतात, जेणेकरून आधी वरचा थर खपावा आणि आतला वाचावा. मॅग्नेशियम व सिलिकॉन एकत्र असलेले मिश्रधातू, ज्यांना ६००० मालिका म्हणतात, ते सरकत्या खिडक्यांत, शिड्यांत आणि शेतातल्या सौर पंपांच्या पॅनेलच्या चौकटींत वापरले जातात. तेथे या दोन्ही मूलद्रव्यांचे प्रमाण जुळलेले असले तर टिकाऊपणाची फारशी चिंता राहत नाही, आणि सिलिकॉन जरुरीपेक्षा जास्त झाले तर ते कणसीमेवर साठून थोडा त्रास देते.

‘जितके मजबूत तितके टिकाऊ’

सर्व गैरसमजांत हा सर्वांत महाग पडलेला आहे. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेट विल्म यांना १९०६ मध्ये असे आढळले की थोडे तांबे व मॅग्नेशियम असलेले अ‍ॅल्युमिनियम तापवून झटकन थंड केले आणि नुसते ठेवून दिले, तर काही दिवसांत ते आपोआप कठीण होत जाते. या प्रक्रियेला एजिंग म्हणतात आणि तिच्यातून ड्युराल्युमिन हा मिश्रधातू व पुढे धातूच्या विमानांचे युग जन्मले. आज २०२४ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या वंशजात सुमारे चार ते पाच टक्के तांबे असते आणि तो शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या नऊ-दहा पट ओढ सहन करतो.

या ताकदीची किंमत कणसीमेवर मोजावी लागते. पाचशे अंशांच्या आसपास तापवल्यावर तांबे धातूत पूर्ण विरघळते. पाण्यात बुडवून ते झटकन थंड केले तर तसेच अडकून राहते आणि नंतर कणांच्या पोटात अतिसूक्ष्म दाण्यांच्या रूपाने समान विखुरते, जे ताकदीला पोषक आहे. थंड होण्यास विलंब झाला तर मात्र तांबे सोयीची जागा शोधत कणसीमेवर जाऊन संयुग बनवते, सीमेलगतच्या पट्ट्यात तांब्याचा दुष्काळ पडतो आणि तो तांबेहीन पट्टा धनाग्र बनून विरघळू लागतो. भिंतीच्या विटा शाबूत असाव्यात आणि सांध्यांतला चुना तेवढा झिरपून जावा, तसे हे आंतरकणीय क्षरण चालते; वरून पत्रा धड दिसतो, वजनही फारसे कमी होत नाही आणि ताकद निघून गेलेली असते. एवढ्यावर हे थांबत नाही. तांबे-मॅग्नेशियमच्या दाण्यातून मॅग्नेशियम व अ‍ॅल्युमिनियम आधी निघून जातात, उरलेले सच्छिद्र तांबे सुटून पुन्हा पृष्ठभागावर इतरत्र बसते, आणि बोर्डोच्या बादलीत घडणारा प्रकार येथे धातूच्या स्वतःच्याच तांब्याने घडतो.

१९२० च्या दशकात विमानांच्या पत्र्यांत हे क्षरण लक्षात आल्यावर अमेरिकेतील अल्कोआ कंपनीचे ई. एच. डिक्स यांनी १९२७ मध्ये ‘अल्क्लॅड’ पुढे आणले: आत तांबेयुक्त मजबूत गाभा आणि दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. हा थर आजही विमानांच्या पत्र्यांवर असतो आणि देखभालीच्या वेळी तो घासून जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. थर असला तरी दोन पत्र्यांच्या जोडातली फट हा कच्चा दुवा राहतोच. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवरील अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा मोठा भाग उड्डाणात उडून गेला आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला; जोडातील चिकटवण सुटणे, खारट दमट हवेतील क्षरण आणि सुमारे नव्वद हजार उड्डाणांचा थकवा यांनी रिव्हेटांच्या ओळीतल्या लहान भेगा एकमेकींना जोडल्या होत्या.

‘तडा जातो तो जास्त भाराने’

भाराने धातू तुटतो, हे खरे, पण अ‍ॅल्युमिनियमच्या काही मिश्रधातूंना बाहेरचा भार मुळीच नसताना, गोदामात पडल्या पडल्या तडे गेलेले आहेत. त्याला ताण-क्षरणाचा तडा म्हणतात, आणि तो जाण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: ग्रहणशील मिश्रधातू, सतत राहणारी ओढ आणि पोषक वातावरण. ओढ बाहेरून यावी लागत नाही. जाड ठोकळा झटकन थंड करताना आत साठलेला ताण किंवा भोकात घट्ट ठोकून बसवलेली पिन तेवढी ओढ देते. वातावरण म्हणून समुद्रच हवा असेही नाही, दमट हवा पुरते, कारण भेगेच्या टोकाशी उघडा पडलेला ताजा धातू बाष्पाशी क्रिया करून हायड्रोजन सोडतो आणि तो हायड्रोजन कणसीमेत शिरून तिला ठिसूळ करतो.

या बाबतीत सर्वांत बदनाम झालेली जोडी जस्त आणि मॅग्नेशियमची आहे. १९३० च्या दशकात जपानमध्ये या जोडीवर आधारलेला अतिबळकट मिश्रधातू तयार झाला आणि १९४३ मध्ये अमेरिकेत ७०७५ आला, ज्यात जस्त साडेपाच टक्क्यांच्या, मॅग्नेशियम अडीच टक्क्यांच्या आणि तांबे दीड टक्क्याच्या आसपास असते. याआधीचे जस्त-मॅग्नेशियम मिश्रधातू तडकण्यामुळे वापरातच येऊ शकले नव्हते. पाव टक्क्याच्या आतबाहेर क्रोमियम घातल्यावर कणांची ठेवण बदलली आणि त्यांचा वापर शक्य झाला. तरीही जाड भागात, कणांच्या आडव्या दिशेने, सर्वाधिक ताकदीच्या टी-६ अवस्थेत ७०७५ ला दर चौरस मिलिमीटरला सुमारे पाच किलोची सततची ओढसुद्धा तडकवू शकते, जरी एकदाच ओढून तोडायला तिच्या दसपट जोर लागत असला. तोच मिश्रधातू अधिक तापमानाला आणखी काही तास ठेवला, म्हणजे टी-७३ अवस्थेत नेला, की ताकद दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरते आणि तडा न जाण्याची मर्यादा पाचावरून सुमारे तीस किलोवर जाते. रासायनिक घडण कणभरही बदललेली नसते. बदललेली असते ती कणसीमेवरच्या दाण्यांची जाडी, अंतर आणि त्यांच्यातले तांबे. येथे तांब्याची भूमिका उलटी होते, कारण दीर्घ एजिंगमध्ये ते सीमेवरच्या दाण्यांत शिरून त्यांची विरघळण्याची घाई कमी करते. ज्या मूलद्रव्याने २०२४ ला क्षरणशील केले, तेच ७०७५ ला तड्यापासून वाचवण्यास हातभार लावते, आणि म्हणून ‘तांबे वाईट’ हे सरसकट विधान पाठ्यपुस्तकातही टाळायला हवे.

मॅग्नेशियमलाही मर्यादा आहे. तीन टक्क्यांच्या वर गेले की ते धातूत कायम विरघळून राहण्यास राजी नसते, आणि सुमारे ६५ अंशांच्या वर दीर्घकाळ राहिले तर हळूहळू कणसीमेवर उतरून धनाग्री जाळे विणते. अमेरिकी नौदलाच्या टिकाँडेरोगा वर्गाच्या युद्धनौकांवरील वरचे बांधकाम पाच टक्के मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते, आणि उन्हात तापणाऱ्या त्या पत्र्यांना वर्षानुवर्षांनी मोठ्या प्रमाणावर तडे गेले. अशा जातीचा पत्रा गरम यंत्राजवळ बसवताना विदर्भाचा उन्हाळा हिशेबात धरावा लागतो. समुद्रासाठी बनवलेला धातू म्हणजे सर्वत्र चालणारा धातू नव्हे. उलट, शुद्ध अ‍ॅल्युमिनियम, मँगनीजचे मिश्रधातू आणि खिडकीचे ६००० मालिकेतले मिश्रधातू यांना ताण-क्षरणाचा तडा व्यवहारात जवळजवळ जातच नाही.

‘वेल्डिंगला तडा गेला, म्हणजे वेल्डर कच्चा’

वेल्डरला दोष देण्याआधी गजाची जात विचारावी. वितळलेले अ‍ॅल्युमिनियम गोठताना आकारमानाने सुमारे सहा टक्के आक्रसते, आणि मिश्रधातू एका ठरावीक तापमानाला न गोठता तापमानाच्या एका पट्ट्यात गोठतो. गोठणे संपत आले असताना कणांमध्ये द्रवाची पातळ पटले उरतात. द्रव भरपूर असला तर तो पडलेली भेग भरून काढतो, अगदी कमी असला तर कण आधीच एकमेकांना धरून बसतात, आणि मधल्या, अपुऱ्या प्रमाणात तो भेग पडू देतो पण भरत नाही. त्यामुळे तड्याचा धोका मूलद्रव्याच्या प्रमाणाबरोबर सरळ वाढत जात नाही, तो आधी वाढतो आणि नंतर उतरतो: सिलिकॉनसाठी शिखर एक टक्क्याच्या जरा खाली, मॅग्नेशियमसाठी एक-दीड टक्क्याच्या आसपास. चौकटी-शिड्यांचा ६०६१ स्वतः या शिखरावर बसलेला असल्याने, भरणी न वापरता त्याच्या दोन कडा नुसत्या वितळवून जोडल्या तर उत्तम हातालाही तडा जातो. पाच टक्के सिलिकॉनची किंवा पाच टक्के मॅग्नेशियमची भरणीची तार वापरली की सांध्यातले मिश्रण शिखरापलीकडच्या उताराला जाते.

तांब्यालाही हाच नियम लागू आहे. चार टक्क्यांचा २०२४ सामान्य वेल्डिंगला नालायक ठरतो, पण सहा टक्क्यांहून अधिक तांबे असलेला २२१९ चांगला जोडला जातो, आणि १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाच्या इंधन टाक्यांसाठी तो वापरलेला आहे.

‘भंगार वितळवले की पुन्हा तोच धातू’

भंगारातून अ‍ॅल्युमिनियम काढायला खनिजापासून काढण्याच्या सुमारे पाच टक्के ऊर्जा लागते, त्यामुळे ते वितळवणे योग्यच आहे. परंतु कुकर, खिडकीची चौकट, इंजिनाचा भाग आणि वायरीचा तुकडा एकाच मुशीत टाकले तर हाती येणाऱ्या ओतीवात तांबे, लोखंड, जस्त सारे एकत्र असते. मॅग्नेशियम क्लोरीनच्या प्रक्रियेने बाहेर काढता येते. लोखंड आणि तांबे एकदा मिसळले की साध्या उपायाने निघत नाहीत, आणि अशा ओतीवातून ओतलेल्या भांड्याला क्षरणाचे खड्डे लवकर पडतात. म्हणून भंगार वितळवण्याआधी जातीप्रमाणे वेगळे करावे, आणि विकत घेणाऱ्याने वजन व चकाकी पाहण्याबरोबर मिश्रधातूचा क्रमांक आणि त्याची अवस्था, उदाहरणार्थ ६०६३ टी-६, दुकानदाराकडून लिहून घ्यावी.